ब्लॅक फॉरमॅटर, आठ महिने वापरल्यानंतर (मुख्यतः तुटलेल्या लाइन्सबद्दल)

ऐरोलीच्या ऑफिसात आमची सहा जणांची टीम आहे. न्हावा शेव्याहून निघणाऱ्या कंटेनरच्या भाड्याची बिलं काढायचं सॉफ्टवेअर, सगळं पायथॉनमध्ये. ब्लॅक हा पायथॉन कोडच्या लाइन्स आणि स्पेस आपोआप लावणारा प्रोग्राम, आठ महिन्यांपूर्वी घेतला. गेल्या वर्षीपर्यंत लाइन लांब झाली की मी पुढच्या लाइन्स उघडत्या कंसाच्या बरोबर खाली आणून ठेवायचो. दिसायला देखणं दिसतं, खोटं कशाला बोलू.

गोची व्हायची ती नाव बदलताना. 'भाडे' नावाचं फंक्शन 'भाडे_काढा' केलं की कंस उजवीकडे सरकतो, आणि त्याखालचे पाचही आर्ग्युमेंट (फंक्शनला कंसात दिलेल्या किमती) सरकवावे लागतात. बदल एका नावाचा, डिफमध्ये (जुना-नवा कोड शेजारी दाखवणारी यादी) लाल-हिरव्या सहा लाइन्स. रिव्ह्यू करणारा बिचारा शोधत बसतो की दर बदलला की नुसती स्पेस.

ब्लॅक हा प्रश्नच उडवून लावतो. लाइन ८८ अक्षरांच्या पुढे गेली (पेप ८, म्हणजे पायथॉनच्या अधिकृत शैली-नियमांची मर्यादा ७९, ही ब्लॅकची स्वतःची) की कंसातला मजकूर खालच्या लाइनवर, चार स्पेस आत. तिथेही मावला नाही तर एका लाइनवर एक आर्ग्युमेंट, शेवटी स्वल्पविराम, आणि बंद कंस एकटा खाली. आता नाव कितीही बदला, खालचे चार स्पेस चारच राहतात.

सर्वात मोठा फायदा मात्र अनपेक्षित निघाला. ड्रायव्हरना जाणारे आमचे मेसेज मराठीत असतात. 'क्षेत्र' हा शब्द युनिकोडमध्ये सात अक्षरांचा, स्क्रीनवर दिसतात दोन. असा शब्द असलेल्या मेसेजनंतर त्यात आकडे भरणाऱ्या .format चा कंस उघडला की कंसाखाली म्हणजे नक्की कुठे? माझ्या एडिटरमध्ये जुळलेलं शेजारच्याच्या स्क्रीनवर तिरकं दिसायचं, आणि तो ते 'सरळ' करून कमिट करायचा, म्हणजे बदल कोडमध्ये नोंदवायचा. महिनाभर आम्ही दोघं एकमेकांच्या स्पेस पुसत होतो! डावीकडून मोजलेल्या इंडेंटला (लाइनच्या सुरुवातीच्या स्पेसना) या भानगडीशी देणंघेणं नाही.

इफच्या लांब अटीही सुटल्या. इफ, एक स्पेस आणि कंस मिळून नेमकी चार घरं होतात, त्यामुळे कंसाखाली जुळवलेली अट आणि आतला कोड एकाच रेषेत येऊन गल्लत व्हायची. आता मधे बंद कंस आणि कोलन एकटे उभे असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो उदास चेहरा वाटला होता. डोळ्यांना सवय व्हायला तीन आठवडे लागले.

खटकतं ते दोन ठिकाणी. शेवटच्या घटकानंतर स्वल्पविराम असेल तर मावणारी छोटी यादीही ब्लॅक उभीच ठेवतो. हे मुद्दाम आहे आणि बंद करायचा पर्याय आहे, पण मला कळायला दोन महिने लागले. तोवर दोन-दोन आकड्यांच्या याद्या स्क्रीनभर पसरलेल्या. दुसरं, लांब स्ट्रिंग आणि कॉमेंट तो मुळात तोडतच नाही, म्हणजे मेसेज अजून हातानेच कापायचे.

सेटिंग जवळपास नाहीत. आमच्या सी++ च्या छोट्या मॉड्यूलला क्लँग-फॉरमॅट हा तसाच फॉरमॅटर आहे. त्यात पुढच्या लाइनचा इंडेंट किती, कंसाखाली जुळवायचं की नाही, सगळं ठरवता येतं, आणि म्हणूनच त्या फाइलवर चहाच्या टपरीपर्यंत वाद पोचतो. ब्लॅकवर वाद घालायला जागाच नाही. पहिला आठवडा राग आला, आता येत नाही.

घेणार असाल तर एक करा. पहिल्या दिवशी मी सगळा रेपो (टीमचा पूर्ण कोड) एका फटक्यात फॉरमॅट केला आणि दुसऱ्या कामाच्या बदलांसोबतच कमिट केला. शुद्ध गाढवपणा. ब्लेममध्ये, म्हणजे कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते गिट दाखवतं तिथे, प्रत्येक ओळीवर माझंच नाव, तीन वर्षं जुन्या बगसाठीही फोन मलाच. फॉरमॅटिंगचा कमिट वेगळा ठेवला असता तर त्याचा हॅश (कमिटचा ओळख-क्रमांक) एका फाइलमध्ये लिहून ब्लेमला तो वगळायला सांगता आला असता. गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणारं टूल) ही सोय २.२३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून आहे. मी ती वाचली ठाणे-वाशी लोकलमध्ये, कमिट मर्ज झाल्यावर चार दिवसांनी.