लिव्हरपूलचा इंटरॅक्शन चेकर: टीएलडी चालू असेल तर मोबाईलमध्ये असूच द्या

मी पुण्याच्या ससून हॉस्पिटलमधल्या एआरटी सेंटरमधून, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रातून, टीएलडी ही एचआयव्हीची गोळी घेतो, रोज एकच, पण आत टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं. गोळीचा त्रास काही नाही, अडतं ते बाकीच्या औषधांशी. एका डॉक्टरांनी तर टीएलडी चालू आहे सांगूनही कॅल्शियम आणि अँटासिड दोन्ही लिहून दिलं, कधी घ्यायचं त्यावर अक्षर नाही. राग आला खरंच.

अशा वेळी लिव्हरपूल युनिव्हर्सिटीची एचआयव्ही ड्रग इंटरॅक्शन्स ही साइट उघडायची, एचआयव्हीचं औषध दुसऱ्या औषधाला अडतं का ते ती सांगते. फुकट आहे, लॉगिन नाही. एकीकडे आपलं एचआयव्हीचं औषध निवडायचं, दुसरीकडे नवीन औषध, की रंग दिसतो. लाल म्हणजे एकत्र नकोच, केशरी म्हणजे डोस किंवा वेळ बदलावी लागेल नाहीतर लक्ष ठेवावं लागेल, पिवळा किरकोळ, हिरवा म्हणजे अडचण नाही.

रंगावर थांबू नका, आतलं वाचा, खरा माल तिथे आहे. मिसळ खाऊन जळजळ झाली की आपण डायजीन घेतो ना, त्यातलं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम डोल्युटेग्राविरला पोटातच धरून ठेवतं, औषध रक्तात कमी पोचतं. म्हणून टीएलडी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही तेच, फक्त त्या जेवणासोबत टीएलडीबरोबर चालतात. शुगरवाल्यांनी मेटफॉर्मिन टाकून बघाच, डोल्युटेग्राविरमुळे ते रक्तात वाढतं, म्हणून सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. आणि टीबीचं रिफॅम्पिसिन उलटं, ते डोल्युटेग्राविर कमी करतं, मग १२ तासांनी डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची जादा गोळी लागते. रिटोनाविर हे एचआयव्हीचं दुसरं औषध चालू असणाऱ्यांनी दम्याचा पंप, नाकाचा स्प्रेसुद्धा तपासा, फ्लुटिकासोन असेल तर स्टेरॉइड अंगात साठतं.

कमी काय, तर सगळं इंग्रजीत. मूळ औषधाचं नाव स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात शोधावं लागतं, आणि आपले काढे, चूर्णं त्यात फारशी सापडत नाहीत.

पण मेडिकलच्या काउंटरवर मागे रांग असताना एचआयव्ही हा शब्द मोठ्याने बोलावा लागत नाही, माझ्यासाठी हेच फार मोठं आहे. स्वतःच्या मनाने गोळी बंद मात्र करू नका, स्क्रीनशॉट काढून एआरटीच्या डॉक्टरांना दाखवा. पाचपैकी साडेचार स्टार, मराठीत आलं की पूर्ण पाच देईन.