सोलापुरातून लात्व्हियन शिकताना

मुलीला फेब्रुवारीत वैद्यकीय शिक्षणासाठी लात्व्हियाच्या राजधानीत, रीगाला जायचे आहे. तिथला अभ्यासक्रम इंग्रजीतून असला, तरी वॉर्डातला रुग्ण लात्व्हियनमध्येच बोलणार. म्हणून परदेशी विद्यार्थ्यांसाठी तिथल्या एका खासगी संस्थेने चालवलेला 16 आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग आम्ही सप्टेंबरमध्ये लावला. मी शाळेत मराठी व्याकरण शिकवतो. त्यामुळे होटगी रस्त्यावरच्या आमच्या घरी पहिल्या दिवसापासूनच तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो.

उच्चारांची तयारी उत्तम करून घेतली जाते. या भाषेत आघात बहुधा पहिल्या अक्षरावर असतो आणि ऱ्हस्वदीर्घाने अर्थच पालटतो: ‘कझस’ म्हणजे शेळ्या, तर ‘काझस’ म्हणजे लग्न. प्रत्येक विद्यार्थ्याकडून असे शब्द बाई न कंटाळता वदवून घेतात. दवाखान्यातली वाक्येही त्यांनी लवकर घेतली, हे विशेष. ‘कुर साप?’ म्हणजे ‘कुठे दुखते?’, हे ऐकून आमच्या आई दचकून खाली पाहू लागल्या, ते सोडा.

व्याकरण मात्र सर्वस्वी इंग्रजीच्या आधाराने शिकवतात आणि तिथेच आमच्यासारख्यांचा वेळ वाया जातो. ‘माझ्याकडे असणे’ या अर्थाचे इंग्रजीसारखे क्रियापद इथे का नाही, हे समजावण्यात दोन तास गेले. वास्तविक ‘मन इर दिवि ब्राल्यि’ हे शब्दशः ‘मला आहेत दोन भाऊ’ असेच आहे. ‘मन’ म्हणजे ‘मला’, सरळ चतुर्थी. ‘मन पतीक तेया’ म्हणजे मला चहा आवडतो. ‘मला गेले पाहिजे’ म्हणतानाही कर्ता चतुर्थीतच. परंपरेने मोजलेल्या सात विभक्तींचा तक्ता पाहून वर्गातली इतर मुले हबकली. माझ्या मुलीला तो आठवीच्या वहीतला वाटला. पंचमी तेवढी नाही, तिचे काम ‘नुओ’ हा शब्द षष्ठीच्या रूपाआधी लावून भागवतात.

वेळेबाबत संस्थेचा गलथानपणा नोंदवायलाच हवा. वर्ग रीगाच्या संध्याकाळी 6 वाजता, म्हणजे आपल्याकडे रात्री 8.30 ला भरत असे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळे तासभर मागे गेली आणि वर्ग 9.30 वर गेला. पण ही गोष्ट भारतातल्या विद्यार्थ्यांना कळवावी, असे कोणाला सुचले नाही. जेवण उरकून तासभर आम्ही रिकाम्या पडद्यासमोर बसलो. तक्रारीला उत्तर आले, तेही चार दिवसांनी.

तरीही पुढच्या टप्प्याचे पैसे मी भरले आहेत, कारण बाईंसारखा कान असलेली शिक्षिका सोलापुरात मिळणार नाही. विभक्तींचे तक्ते तेवढे मी मराठीत उतरवून मुलीच्या वहीत चिकटवतो.