पेन्शन, मक्ता की एफडी: परदेशातल्या निवासी व्हिसाला कोणता पैसा चालतो?

गेल्या उन्हाळ्यात वरुडकडचे एक काका-काकू माझ्याकडे आले. दोघंही झेडपीच्या शाळेतून निवृत्त. मुलगी पोर्तुगालात, लिस्बनला नोकरीला आहे. तिच्याजवळ राहायचं, पण तिच्यावर भार न टाकता, स्वतःच्या पैशावर. पिशवीतून त्यांनी सगळ्यात आधी सातबारा काढला. "सहा एकर संत्रा आहे. पैसा तं आहेच ना बाप्पा!"

पैसा होताच. पण काम न करता दर महिन्याला येणारा आणि कागदावर दिसणारा पैसा किती, एवढंच असे निवासी व्हिसा विचारतात. मोर्शी-वरुड पट्ट्यात या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

आधी देशांचे आकडे. हिशेब सोपा जावा म्हणून युरो शंभर रुपयांचा धरतो. अर्ज कराल त्या दिवशीचा भाव लावून बघा.

पोर्तुगालच्या डी-7 ची (काम न करता येणाऱ्या उत्पन्नावर मिळणाऱ्या निवासी व्हिसाची) अट तिथल्या किमान वेतनाला बांधलेली आहे. 2026 साठी ते महिन्याला 920 युरो आहे. जोडीदारासाठी त्याच्या निम्मे, म्हणजे दोघांचे 1,380 युरो, आपले 1 लाख 38 हजार रुपये. किमान वेतन वाढलं की अटही वाढते (2025 मध्ये ते 870 होतं), म्हणून काठावरच्या हिशेबावर जाऊ नका. शिवाय साधारण वर्षभराची रक्कम तिथल्या बँकेत आणि राहण्याच्या जागेचा करार दाखवावा लागतो. निवास परवाना आधी दोन वर्षांचा, मग तीन वर्षांचा.

स्पेनच्या अशाच व्हिसाला एका माणसाला महिन्याला 2,400 युरो आणि जोडीदाराचे 600. दोघांचे वर्षाला 36 हजार युरो, म्हणजे 36 लाख रुपये. जमेची बाजू अशी की बँकेतली मोठी शिल्लकही चालते. पण पहिला परवाना एक वर्षाचा आणि पुढचं नूतनीकरण दोन वर्षांचं, त्यामुळे तेव्हा दोन वर्षांची रक्कम दाखवावी लागते. काम अजिबात करता येत नाही, घरी बसून ऑनलाइन शिकवण्याही नाहीत. शेती विकून मोठी रक्कम हाती आलेल्यालाच हा रस्ता झेपेल, आणि एका व्हिसासाठी बाग विकावी असं मी कुणालाच सांगणार नाही.

थायलंड पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी. बँकेत 8 लाख बाट, किंवा महिन्याला 65 हजार बाट उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून वर्षाचे 8 लाख. बाट पावणेतीन रुपयांचा धरला तर ही ठेव 22 लाखांची होते. तिघांत हा आकडा सगळ्यात सोपा. पण परवाना वर्षावर्षाचा, आणि मुलगी युरोपात असताना तिथे जाऊन करायचं काय? काकूंनी तो विषय दोन मिनिटांत संपवला.

आता घरचे कागद.

पेन्शन सगळ्यात भक्कम. दर महिन्याला ठरावीक रक्कम, सरकारी आदेश आणि पासबुकात नोंद. अधिकाऱ्याला काही समजावून सांगावं लागत नाही. काका-काकूंची मिळून 93 हजार होती. एफडीचं व्याजही चालतं: 60 लाखांवर सात टक्के धरले तर महिन्याला 35 हजार. झाले 1 लाख 28 हजार. पोर्तुगालला दहा हजार कमी.

ते शेतीतून निघतील असं काकांना वाटत होतं. संत्र्याचा पैसा वर्षातून एकदा-दोनदा येतो. आंबिया बहार गळला की ते वर्षच कोरडं. बाग स्वतः सांभाळता, म्हणजे तो मेहनतीचा पैसा झाला. मग जमीन मक्त्याने, म्हणजे ठरावीक रकमेवर दुसऱ्याला कसायला दिली तर? घरबसल्या येणारं उत्पन्न म्हणून ते बसतं, पण आपल्याकडे मक्ता तोंडी ठरतो. कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, या भीतीने कुणी लिहून देत नाही. विदर्भासाठी 1958 चा वेगळा कूळकायदा आहे आणि त्याची धास्ती अजून गेलेली नाही. अक्षय तृतीयेला ओसरीवर मोजून दिलेल्या नोटा कितीही खऱ्या असोत, लिस्बनच्या फायलीत त्यांची किंमत शून्य.

आणखी एक गोष्ट काकांना ठाऊक नव्हती. शेतीचं उत्पन्न आपल्याकडे करमुक्त आहे, तिकडे नाही. वर्षात 183 दिवसांपेक्षा जास्त पोर्तुगालला किंवा स्पेनला राहिलात की जगभरचं उत्पन्न त्यांच्या विवरणपत्रात दाखवावं लागतं, संत्र्याचंसुद्धा. म्हणून घरखर्चाचा हिशेब पोर्तुगालचा कर वजा करूनच मांडा.

पैसे पाठवताना एक काळजी घ्या. एका आर्थिक वर्षात एका माणसाने 10 लाखांवर पाठवले की वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर रक्कम अडकून पडते. म्हणून निम्मे काकांच्या खात्यातून, निम्मे काकूंच्या. एकदा अनिवासी झालात की साधं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं खातं) करून घ्यावं लागतं आणि पोस्टाच्या योजनांत नवीन खातं उघडता येत नाही.

माझं मत विचाराल तर दोन पेन्शनी असलेल्या घराला पोर्तुगाल जमतं. एकच पेन्शन आणि बाकी सगळी शेती असेल, तर सध्या जमत नाही. आधी ठेव उभी करा, घाईने अर्ज टाकून नकार ओढवून घेऊ नका.

काका-काकूंचे कमी पडलेले दहा हजार घरातच सापडले. बाजारातल्या त्यांच्या दुकानाचे महिन्याला 15 हजार येत होते, तेही नगदी आणि तोंडी करारावर. काकूंनी त्याच आठवड्यात भाडेकरूला सोबत नेऊन करार रजिस्टर केला. आता भाडं पाच तारखेला खात्यात जमा होतं. अशा बारा नोंदी झाल्या की अर्ज टाकायचा, असं आमचं ठरलंय.