बी.ए. मानसशास्त्र, कोल्हापूर: आधी लॅब बघा, मग प्रवेश घ्या

बारावीचा निकाल लागला की आमच्या गल्लीतल्या मुली विचारायला येतात, "ताई, स्पेशल सायकॉलॉजी घेऊ का?" माझं उत्तर ठरलेलं: जरूर घ्या, पण कॉलेजची इमारत बघून नको. मानसशास्त्र विभागात जा आणि लॅबचं कपाट उघडून दाखवा म्हणा. मिरर ड्रॉइंगचं यंत्र आहे का, स्टॉपवॉच चालतात का, बुद्धिमापन चाचण्यांचे संच मॅन्युअलसकट आहेत का, ते विचारा. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातून मी ही पदवी घेतली, आणि मला जे खरं हाती लागलं ते बहुतेक त्या कपाटातून.

सुरुवातीचा अभ्यास कुणालाही झेपेल असा आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ वुंट यांनी १८७९ मध्ये लायपझिगला मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा काढली इथून सुरू होतं, मग अवधान, स्मृती, प्रेरणा, व्यक्तिमत्त्व. पुढे सामाजिक मानसशास्त्र येतं. तेही वाचायला छान.

प्रात्यक्षिकांना मात्र स्वतःचा 'प्रयुक्त', म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस, शोधून आणावा लागतो. मी माझ्या मामांना बसवलं. ते गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, कारागीर आहेत, कोल्हापुरी साज घडवतात, हात कमालीचा स्थिर. मिरर ड्रॉइंगमध्ये चांदणीच्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायची असते, पण समोर आडोसा असतो आणि चांदणी फक्त आरशात दिसते. पहिल्याच कोपऱ्यावर मामांची पेन्सिल अडली. वेळ मोजायची, चुका मोजायच्या, मध्ये एक शब्द बोलायचा नाही. आधी डाव्या हाताची नोंद, मग उजव्या हाताने सराव, शेवटी पुन्हा डावा. मधल्या वेळात डाव्या हाताने काहीच केलेलं नसतं, तरी त्याच्या चुका कमी झाल्या होत्या. नंतर प्रयुक्ताचा अनुभव त्याच्याच शब्दांत लिहायचा असतो. मामा म्हणाले, "डोळा सांगतोय वर, आणि हात जातोय खाली." जसंच्या तसं लिहिलं. समोरच्याचं वाक्य न सुधारता टिपून घेणं मी तिथे शिकले, आणि आज शाळेत मुलांशी बोलताना तेच सगळ्यात जास्त कामाला येतं.

त्याच सुमारास बाईंनी वर्गात एच. एम. या रुग्णाबद्दल सांगितलं. अपस्मारासाठी १९५३ मध्ये त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नवीन घटना लक्षात राहीनाशा झाल्या. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना हीच आरशातली चांदणी काढायला दिली. दिवसागणिक चुका कमी होत गेल्या, पण हे काम आपण आधी केलंय हेच त्यांना आठवत नव्हतं. म्हणजे हाताला आलेलं कसब आणि घटनेची आठवण मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी सांभाळली जाते. पुस्तकात ही छोटीशी टीप आहे. मामांच्या चुकांचा आलेख समोर होता म्हणून मला ती कळली.

आता तक्रारी. काही ठिकाणी मागच्या बॅचची जर्नलं उतरवून आकडे भरले जातात. मग या पदवीत उरतं काय? संख्याशास्त्र घाईघाईत उरकतात, आणि प्रमाण विचलन, सहसंबंध ऐकूनच कला शाखेची मुलं बिचकतात. खरं तर गणित सोपं आहे, स्वतः जमवलेले आकडे घातले की भीती जाते. बाजारातल्या गाइडांवर माझा जास्त राग आहे. झिम्बार्डोंचा १९७१ चा तुरुंगाचा प्रयोग, ज्यात काही विद्यार्थ्यांना पहारेकरी आणि काहींना कैदी बनवलं होतं, तिथे सिद्ध सत्य म्हणून छापलेला असतो. पहारेकऱ्यांना कडक वागायला उत्तेजन दिलं गेलं होतं, या आक्षेपाचा उल्लेखही नसतो. मिलग्रॅम यांच्या आज्ञापालनाच्या मूळ प्रयोगात सांगितलं म्हणून दुसऱ्या माणसाला विजेचे झटके (खरे तर खोटे) द्यायचे होते; ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले, एवढं पाठ करून भागत नाही. बाकीचे १४ जण का थांबले हेही वर्गात बोललं गेलं पाहिजे.

पालकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगते. या पदवीने मुलगी डॉक्टर होत नाही. औषधं देणारा मानसोपचारतज्ज्ञ एम.बी.बी.एस. करून पुढे जातो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं पुढचं शिक्षण आणि नोंदणी लागते. बी.ए. ही पहिली पायरी आहे. पुढे एम.ए. करायची तयारी आणि घरच्यांचा तेवढा धीर असेल तरच या वाटेला या. पुढची बरीचशी पुस्तकं इंग्रजीत आहेत, म्हणून संज्ञा पहिल्या वर्षापासून दोन्ही भाषांत लिहून ठेवा.

पाचपैकी चार गुण देते. एक कापला तो वरच्या तक्रारींसाठी.

नव्या शैक्षणिक धोरणात स्पेशल विषयाला 'मेजर' म्हणतात, पेपरांची रचनाही बदलली आहे. कॉलेज पारखायची माझी रीत तीच आहे. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलीला तिचं जर्नल दाखवायला सांगा. आलेख तिने स्वतः पेन्सिलने काढलेत का, आणि प्रत्येक प्रयुक्ताचं म्हणणं वेगळं आहे का, ते बघा. सगळ्यांनी 'मला प्रयोग आवडला' एवढंच म्हटलेलं असेल, तर दुसरं कॉलेज शोधा.