सुरक्षेच्या नावाखाली झाकलेला हिशेब

छंद म्हणून नेमबाजी करणाऱ्यांच्या ज्या क्लबचा मी अनेक वर्षे सभासद आहे, तेथे इलेक्ट्रॉनिक टार्गेट (नेम कुठे लागला ते आपोआप मोजून पडद्यावर दाखवणारी) बसवण्यासाठी सभासदांकडून विशेष वर्गणी गोळा करण्यात आली, ती सगळी रक्कम एका पुरवठादाराला आगाऊ दिल्याचे दाखवण्यात आले, आणि टार्गेट काही आली नाहीत. एवढ्यापुरते पाहिले तर हा प्रकार कोणत्याही संस्थेत घडू शकतो. परंतु नेमबाजीच्या क्लबमध्ये तो इतकी वर्षे निर्धास्तपणे चालू शकतो, याला या खेळापुरती खास अशी काही कारणे आहेत आणि ती इतर क्लबांच्या सभासदांना वेळीच कळावीत, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे. प्रकरणाची चौकशी अजून संपलेली नसल्याने क्लबचे व संबंधितांचे नाव येथे दिलेले नाही.

नेमबाजीच्या क्लबमध्ये काही गोष्टी गुप्त ठेवाव्याच लागतात. शस्त्रागाराच्या किल्ल्या कोणाकडे असतात, काडतुसांचा साठा किती आहे, कोणत्या सभासदाच्या घरी कोणते शस्त्र आहे, ही माहिती चारचौघांत बोलायची नसते आणि जबाबदार सभासद ती बोलतही नाही. नव्या सभासदाला पहिल्या दिवसापासून हेच शिकवले जाते, त्यामुळे ‘सुरक्षेचा प्रश्न आहे’ असे म्हटले की पुढचा प्रश्न न विचारण्याची सवय आपोआप अंगवळणी पडते. आमच्या कार्यकारी मंडळाने ही सवय अलगद हिशेबाकडे वळवली. वार्षिक सर्वसाधारण सभेत जमाखर्चाच्या क्रमांक घातलेल्या प्रती दारातच सही घेऊन दिल्या जात आणि सभा संपताना त्या मोजून परत घेतल्या जात. त्यात काडतुसांच्या खरेदीचे आकडे आहेत, ते बाहेर जाऊ नयेत, असे कारण सांगितले जाई. प्रत्यक्षात त्या ताळेबंदात काडतुसे, पेलेट (हवेच्या दाबावर चालणाऱ्या एअर रायफलच्या शिशाच्या छोट्या गोळ्या), कागदी टार्गेट आणि दुरुस्ती यांचा मिळून ‘रेंज साहित्य’ असा एकच आकडा असे. त्यावरून चोराला काही कळले नसते आणि सभासदांनाही काही कळत नव्हते.

दुसरे कारण याहून अवघड आहे. अनेक देशांत शस्त्र परवाना मिळवण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी मान्यताप्राप्त क्लबचे सभासदत्व आणि नियमित सराव यांचा दाखला सादर करावा लागतो. हा दाखला ज्यांच्या सहीने मिळतो, तिजोरीही त्यांच्याच हातात असली, तर खजिनदाराला पावती मागण्यापूर्वी माणूस दहादा विचार करतो. आमच्याकडे कोणालाही उघडपणे धमकावण्यात आले नाही; तशी गरजच पडली नाही. ‘तुमची या वर्षीची हजेरी जरा कमी दिसते आहे’ एवढे एक वाक्य हसत हसत उच्चारले की विषय मिटत असे.

इलेक्ट्रॉनिक टार्गेटची मागणी मात्र खरी होती, आणि म्हणूनच तिचा आमिषासारखा उपयोग झाला. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका केवळ ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. कागदी टार्गेटवर स्पर्धेच्या नियमाप्रमाणे खेळायचे तर प्रत्येक मोजल्या जाणाऱ्या शॉटला नवा कागद लागतो, तो मागे-पुढे करावा लागतो आणि नंतर गुण मोजत बसावे लागते. शिवाय ६० शॉटसाठी कागदावर ९० मिनिटे मिळतात, तर इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५; दशांश गुण लगेच समोरच्या पडद्यावर दिसतात. ज्याला पुढे स्पर्धेत उतरायचे आहे त्याला सरावही त्यावरच करणे भाग असते. त्यामुळे विशेष वर्गणीचा ठराव आला तेव्हा लोकांनी खळखळ न करता पैसे दिले. मुलांच्या सरावासाठी म्हणून काही पालकांनी ठरल्यापेक्षा अधिक दिले.

त्यानंतर कारणांची मालिका सुरू झाली. कधी माल परदेशातून येण्यास उशीर, कधी जकातीची कागदपत्रे, कधी नवे मॉडेल येणार असल्याने जुने घेण्यात अर्थ नाही. या काळात दरवर्षी ताळेबंद जुळत होता, आणि सर्वांना गोंधळात टाकणारी गोष्ट हीच होती. आगाऊ दिलेली रक्कम खर्च म्हणून दाखवली जात नाही. ती ‘पुरवठादारास दिलेली अग्रिम रक्कम’ या नावाने मालमत्तेच्या बाजूला बसते. म्हणजे पैसे गेलेले असतात, वस्तू आलेली नसते, आणि कागदावर मात्र क्लब पूर्वीइतकाच श्रीमंत दिसतो. ही अग्रिम रक्कम सलग दुसऱ्या वर्षी त्याच आकड्याने मालमत्तेत दिसली, तर नफा-तोट्याच्या गप्पा बाजूला ठेवून आधी तिचे बिल, कराराची प्रत आणि माल कधी मिळणार याचे लेखी उत्तर मागावे. आमच्याकडे फाइलमध्ये बिल नव्हतेच. केवळ एक कोटेशन होते, त्यावर दिलेली मुदत कधीच उलटून गेली होती, आणि खाली सही कोणाचीच नव्हती.

आजीव सभासदांच्या शुल्काचा प्रकारही याच धाटणीचा आहे, पण त्याकडे कमी लोकांचे लक्ष जाते. आजीव सभासद एकदाच मोठी रक्कम भरतो आणि त्या बदल्यात क्लबने त्याला अनेक वर्षे सेवा द्यायची असते, म्हणून ती रक्कम निधीत ठेवून तिच्यातला थोडा थोडा भाग दरवर्षी उत्पन्नात घेणे, किंवा निदान ती मुदत ठेवीत सुरक्षित ठेवणे, हे शहाणपणाचे असते. आमच्या मंडळाने ती आली त्या वर्षीच पूर्ण उत्पन्नात धरली. साहजिकच तूट दिसेनाशी झाली, आणि पुढच्या वर्षीची तूट झाकण्यासाठी आणखी आजीव सभासद घ्यावे लागले. नेम धरण्याच्या जागा, म्हणजे लेन, तेवढ्याच राहिल्या आणि रांगा वाढल्या. सुटीच्या दिवशी लेन मिळत नाही अशी तक्रार सगळे करत होते. त्या गर्दीचा आणि ताळेबंदाचा काही संबंध असेल, असे मात्र कोणाच्या डोक्यात आले नाही.

पाणी कुठे मुरते आहे हे शेवटी शिशाने दाखवले. क्लबचे बहुतेक साहित्य वापरले की संपते. कागद फाटतो, कॉम्प्रेसरचे तेल जळते. शिसे मात्र संपत नाही. झाडलेला प्रत्येक पेलेट टार्गेटमागच्या सापळ्यात, म्हणजे गोळ्या अडवणाऱ्या पेटीत, जाऊन पडतो आणि काही काळाने तो भंगारात विकला जातो. स्पर्धेच्या एअर रायफलच्या पेलेटचे वजन साधारणपणे ०.५३ ग्रॅम असते, म्हणजे ५०० पेलेटच्या डब्यात सुमारे २६५ ग्रॅम शिसे येते. पॉइंट टू टू रिमफायर या छोट्या रायफलीच्या नेहमीच्या काडतुसातली गोळी ४० ग्रेनची, म्हणजे जवळपास २.६ ग्रॅमची असते; ५० काडतुसांच्या खोक्यात १३० ग्रॅम. रेंजवर स्वयंसेवक म्हणून देखरेख करताना साठा नोंदवही माझ्या हाताखालून जात असे. त्या नोंदवहीत वर्षभरात किती डबे व किती खोकी वापरल्याचे लिहिले आहे याची बेरीज केली, तिला वजनाने गुणले, आणि भंगारवाल्याच्या वजनकाट्याच्या ज्या चिठ्ठ्या दुरुस्तीच्या फाइलमध्ये चुकून अडकून राहिल्या होत्या, त्यांच्याशी ती ताडून पाहिली.

सापळ्यात निघालेले शिसे नोंदवहीतील हिशेबाच्या निम्मेसुद्धा नव्हते. यात काही सूट द्यावी लागते हे मी जाणतो: थोडे शिसे धुळीत जाते, थोडे सापळ्यातच शिल्लक राहते. पण आमच्याकडे अनेक सभासद स्वतःचे पेलेट घेऊन येतात, त्यांचे शिसेही त्याच सापळ्यात पडते. तेव्हा वजन कागदापेक्षा जास्त भरायला हवे होते, कमी नव्हे. याचे दोनच अर्थ निघत होते. एक तर बिलात दाखवलेला माल क्लबमध्ये पूर्ण आलाच नव्हता, किंवा शिशाचा काही भाग नोंदीशिवाय विकला जात होता. पुढे दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. ज्या चिठ्ठ्या सापडल्या त्यांवर गाडीचे भरलेले वजन, रिकामे वजन आणि निव्वळ वजन व्यवस्थित लिहिलेले होते. त्या तारखांना क्लबच्या पावतीपुस्तकात एकही पावती फाडलेली नव्हती. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी रिकाम्या केसेसचीही तीच कथा होती.

आणखी एक बाब पैशापुरती नव्हती, म्हणून ती वेगळी सांगतो. एअर रायफलच्या सिलिंडरवर निर्मितीची तारीख छापलेली असते आणि बहुतेक उत्पादक त्याला दहा वर्षांची मर्यादा घालून देतात, कारण त्यात २०० बार किंवा ३०० बार दाबाने हवा भरलेली असते. क्लबच्या रायफलींचे सिलिंडर बदलल्याचे बिल हिशेबात होते. रॅकवरील रायफली उचलून तारखा वाचल्या, तर जुनेच सिलिंडर जागेवर होते आणि त्यांतले काही मुदत उलटलेले. अशा रायफली नवशिक्या मुलांच्या हातात दिल्या जात होत्या. खोट्या बिलाने केवळ तिजोरी रिकामी होते असे समजणाऱ्यांनी हा भाग जरा थांबून वाचावा.

हे सर्व मी लेखी स्वरूपात मंडळाकडे दिले. उत्तर आले ते असे की हिशेबांचे लेखापरीक्षण झालेले आहे. अहवाल मागून पाहिला, तेव्हा ‘व्यवस्थापनाने पुरवलेल्या माहितीच्या आधारे’ हे शब्द त्यात जागोजागी होते. लेखापरीक्षकाने साठा मोजला नव्हता, पुरवठादाराकडून शिलकीची खात्री करून घेतली नव्हती, आणि त्याची नेमणूक सभेने नव्हे तर खजिनदाराने केली होती. पुढच्या सभेत उलट माझ्यावरच क्लबची बदनामी करत असल्याचा आणि संवेदनशील माहिती फोडल्याचा आरोप झाला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तरी त्या दिवशी एक चांगली गोष्ट घडली: मागच्या रांगेतील एका ज्येष्ठ सभासदाने आपली हिशेबाची प्रत परत देण्यास नकार दिला, आणि ते पाहून आणखी काहींनी आपापल्या प्रती खिशात घातल्या.

आमच्या नियमावलीत ठरावीक संख्येने सभासदांनी लेखी मागणी केल्यास विशेष सर्वसाधारण सभा बोलावणे मंडळावर बंधनकारक आहे, असे कलम होते. बहुतेक क्लबांच्या नियमावलीत ते असते, फक्त ती नियमावली कोणी वाचलेली नसते. सह्या गोळा करताना दाखल्याची भीती आडवी आली, म्हणून ज्यांच्याकडे शस्त्रच नाही आणि जे क्लबच्या रायफलींवर सराव करतात अशा सभासदांपासून सुरुवात केली. विषयपत्रिकेत मोघम ‘चौकशी’ न लिहिता तीन ठोस मागण्या लिहिल्या: बँकेने थेट दिलेले खातेउतारे, पुरवठादाराचे लेखी उत्तर आणि स्वतंत्र लेखापरीक्षक. मोघम मागणीला समिती नेमून वर्ष काढता येते. बँकेच्या उताऱ्याला तसे करता येत नाही.

उतारे आले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. अग्रिम रक्कम ज्या संस्थेला दिली होती तिच्याकडूनच पेलेटही येत होते, आणि ती मंडळातील एका सदस्याच्या नातेवाइकाची होती. हितसंबंधाची नोंद इतिवृत्तात कोठेही नव्हती. स्पर्धांचे प्रवेशशुल्क तर क्लबच्या खात्यात येतच नव्हते. ते एका पदाधिकाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात जमा होऊन ‘स्पर्धेचा खर्च वजा जाता’ उरलेली रक्कम रोखीने दिली जाई. खजिनदाराने प्रकृतीचे कारण देऊन राजीनामा दिला आणि काही रक्कम परत आली. उरलेल्या रकमेसाठी तक्रार दाखल आहे.

नव्या मंडळाने केलेले बदल दिसायला किरकोळ आहेत. खात्यावर दोन सह्या, त्यांपैकी एक मंडळाबाहेरील सभासदाची. महिन्याचा जमाखर्च फलकावर. शिसे विकताना दोन सभासद हजर आणि वजनाची चिठ्ठी पावतीला जोडलेली. लेखापरीक्षकाची निवड सभेकडून. सरावाच्या दाखल्यावर आता रेंज अधिकाऱ्याची सही असते आणि तो हजेरीच्या नोंदवहीवरून यंत्रवत दिला जातो, खजिनदाराचा त्याच्याशी काही संबंध नाही. माझ्या मते सर्वांत मोलाचा बदल हाच आहे, जरी हिशेबाच्या पुस्तकात तो कोठेही दिसत नाही.

एका मुद्द्यावर नव्या मंडळाशीही आमचा वाद चालू आहे. शस्त्रागाराच्या दुरुस्तीचा खर्च पुन्हा एका ओळीत दाखवण्यात आला आहे आणि कारण तेच, सुरक्षा. कुलपांचे मॉडेल, कॅमेऱ्यांच्या जागा, साठ्याचे आकडे फलकावर लावू नयेत हे आम्हाला मान्य आहे. परंतु बिल कोणाचे, किती रकमेचे आणि काम झाल्याची पाहणी कोणी केली, हे सभेने निवडलेल्या दोन सभासदांना मूळ कागदांवरून तपासता आले पाहिजे, असा लेखी प्रस्ताव आम्ही दिला आहे. तो पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्याचे मंडळाने कबूल केले आहे. मसुद्यातील ‘दाखवता येईल’ हे शब्द बदलून ‘दाखवले जाईल’ असे करावे, यासाठी आमचा पत्रव्यवहार सुरू आहे.