बारा गेजचे स्लग, आठ महिने वापरल्यानंतर (इलिनॉय, एच-वन-बी व्हिसावर)

ऑगस्टमध्ये बंदूक घेतली, आता मार्च संपत आलाय. मधल्या काळात साधारण ऐंशी-नव्वद स्लग रेंजवर उडवले आणि सीझनमध्ये फक्त एक. मित्रमंडळी सारखं विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहितोय. जास्त लिहिणार कायद्याबद्दल, कारण काडतूस कुठलंही घ्या, आपल्या व्हिसावाल्या लोकांची खरी गाडी तिथेच अडकते आणि बऱ्याच जणांना पत्ताच नसतो.

आधी स्लग म्हणजे काय ते. गावाकडे आपण बारा बोर म्हणतो तीच ही बारा गेज, म्हणजे नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड. नेहमीच्या काडतुसात छर्रे असतात, स्लगमध्ये त्याऐवजी एकच जाडजूड गोळी. माझी पावणेतीन इंची काडतुसं आहेत, आत एक औंस म्हणजे 28 ग्रामची गोळी, नळीतून बाहेर पडताना सेकंदाला 1600 फुटांच्या आसपास वेग. इलिनॉयमध्ये हरणाला वर्षानुवर्षं हेच वापरतात कारण जमीन सपाट, मक्याची शेतं, मध्ये मध्ये घरं, आणि रायफलची गोळी फार लांब जाते. 2023 पासून सिंगल शॉट (एका वेळी एकच गोळी भरता येणारी), सरळ भिंतीच्या काडतुसाची रायफल चालते, तरी मी शॉटगनच घेतली, एकाच बंदुकीत पुढे बाकीची शिकारही होते म्हणून.

बंदूक मॉसबर्ग 500, दोन नळ्यांचा कॉम्बो, एक 28 इंची गुळगुळीत आणि एक 24 इंची आतून आटे पाडलेली. इथेच माझे पहिले पैसे वाया गेले. दुकानातल्या माणसाला मी सांगितलं की सध्या गुळगुळीत नळी लावलीय, तरी त्याने सॅबो स्लगचे चार बॉक्स हातात ठेवले आणि सॅबो म्हणजे प्लॅस्टिकच्या कपात बसवलेली गोळी, तिला फिरकी आट्यांमुळेच मिळते, गुळगुळीत नळीतून ती कशीही जाते. 50 यार्डावर माझ्या पाच गोळ्या ताटाएवढ्या जागेत विखुरल्या. दोन वीकेंड मी स्वतःच्या नेमाला दोष देत बसलो होतो.

मग फॉस्टर टाइप घेतले. 1931 ला कार्ल फॉस्टर नावाच्या माणसाने हा प्रकार काढला. पुढून भरीव, मागून पोकळ, म्हणजे बॅडमिंटनच्या फुलासारखं वजन पुढे राहतं आणि गोळी फिरकीशिवाय सरळ जाते. बाहेरून तिरक्या रेघा असतात त्यामुळे ती फिरते असं लोक सांगतात पण तसं नाहीये, त्या रेघांनी फिरकी नावापुरतीच मिळते, त्यांचं खरं काम म्हणजे चोकमधून, म्हणजे नळीच्या टोकाच्या अरुंद भागातून, जाताना शिसं दबायला जागा देणं. चोक इम्प्रूव्हड सिलिंडर, म्हणजे अगदी थोडा अरुंद, ठेवा, फुल म्हणजे जास्त अरुंद चोकमधून स्लग मारू नका. फेडरलच्या ट्रूबॉलमध्ये मागच्या पोकळीत प्लॅस्टिकचा गोळा असतो, त्याने स्लग मधोमध बसतो, आणि माझ्या नळीला तोच सगळ्यात मानवला, 50 यार्डावर तीन इंचांत पाच. ब्रेनेकेची रचना 1898 पासूनची, भरीव गोळी आणि मागे जोडलेला वॉड (बूच), तेही दोन बॉक्स वापरले, छान आहेत पण माझ्या बंदुकीतून थोडे डावीकडे जात होते. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, त्यामुळे पाच-पाचचे तीन वेगवेगळे बॉक्स घ्या, बघा, आणि मगच साठा करा.

धक्का जोरात बसतो. नुसता टीशर्ट घालून, बसून पंधरा मारले त्या दिवशी खांदा निळा पडला आणि त्याहून वाईट म्हणजे पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच अंग आक्रसायला लागलं. आता जाड पॅड लावतो, एका वेळी आठच्या वर मारत नाही, बाकी सराव हलक्या छर्ऱ्यांनी.

आता कायदा, हे नीट वाचा.

एच-वन-बी, एफ-वन, एल-वन, एच-फोर, सगळे नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाचे व्हिसे. 1968 च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूकच काय, एक काडतूससुद्धा जवळ बाळगता येत नाही. त्याला थोडे अपवाद आहेत, आपल्या कामाचा एकच, तो म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू असलेलं हंटिंग लायसन्स. रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणंही यातच येतं. वीकेंडला ऑफिसची गँग रेंजवर जाते, फोटो टाकते, त्यातल्या किती जणांकडे लायसन्स असतं? या कलमाची शिक्षा 2022 पासून 15 वर्षांपर्यंत आहे. मी स्वतः आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स केला (1980 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लागतोच), मग लायसन्स काढलं, मग राज्याचं फॉइड कार्ड, म्हणजे बंदूक बाळगणाऱ्याचं ओळखपत्र. इलिनॉयमध्ये फॉइडशिवाय काडतूस विकतही मिळत नाही आणि घरात ठेवताही येत नाही. फॉइडच्या फॉर्मवर व्हिसाचा प्रश्न असतो, खरं उत्तर द्या आणि लायसन्सची कॉपी जोडा. बंदूक घेताना 4473 नंबरच्या फॉर्मवर पुन्हा तोच प्रश्न येतो.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. इलिनॉयचं वार्षिक लायसन्स 31 मार्चला संपतं. बंदूक आणि काडतुसं घरातच असतात पण अपवाद लायसन्सवर उभा आहे, ते संपलं की 1 एप्रिलच्या सकाळी तुमच्या कपाटातल्या त्याच वस्तू गुन्हा होतात. माझं पुढच्या वर्षाचं लायसन्स आत्ताच काढून ठेवलंय. आणि बायको एच-फोरवर, तिच्याकडे लायसन्स नाही, म्हणून पेटीची किल्ली फक्त माझ्याकडे, तिला ठिकाणही माहीत नाही. वस्तू हातात नसली तरी ताबा तुमचा आहे असं धरता येतं, हे मला वकिलाने पहिल्याच भेटीत समजावलं. त्याची फी बंदुकीच्या किमतीच्या निम्मी झाली, पण या सगळ्यात तोच माझा सगळ्यात चांगला खर्च.

शिकारीचे नियम त्यामानाने सोपे. कुक, ड्यूपेज, लेक या काउंट्यांत हरणाला बंदूक चालतच नाही म्हणून आपल्या शिकागोकडच्या लोकांना लांब जावं लागतं. बंदुकीत एकूण तीनच गोळ्या मावल्या पाहिजेत, मॅगझिनमधली लाकडी काडी काढू नका. टोपी आणि वरचा कपडा भडक नारिंगी किंवा गुलाबी, 400 चौरस इंच. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला सण) आदल्या शुक्रवार ते रविवार पहिला सीझन, नंतर चार दिवस दुसरा. मला जो डेव्हिस काउंटीचं परमिट मिळालं, एका शेतकऱ्याने परवानगी दिली. पहिले दोन दिवस एकही बार काढला नाही, एकदा मोठा नर समोर होता पण त्याच्या मागे मोकळं आकाश, स्लग जड असला तरी पार लांब जातो आणि कडक जमिनीवर उसळतो, मागे मातीचा चढ नसेल तर मारायचं नाही हे मी ठरवूनच बसलो होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी साठ यार्डावर मादी आडवी उभी राहिली, मागे टेकडी. चाळीस पावलं गेली आणि पडली. शेजारी बसलो तेव्हा हात थरथरत होते, आनंद होता आणि वाईटही वाटत होतं, दोन्ही खरं. जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाकलं, शिशाचे तुकडे पोटात जायला नकोत, आणि सीडब्ल्यूडी (हरणांना होणारा मेंदूचा जीवघेणा रोग) टेस्टला सॅम्पल दिलं. निगेटिव्ह आल्यावरच घरी रस्सा झाला.

भारतात जाणाऱ्यांसाठी, ही चूक माझ्या हातून होता होता राहिली. रेंजला नेलेली बॅग मी डिसेंबरमध्ये पुण्याला जाताना भरायला घेतली आणि बाजूच्या कप्प्यात एक स्लग सापडला. असं एक जिवंत काडतूस तिकडच्या एअरपोर्टवर मिळालं तर आर्म्स ॲक्टखाली केस होते. माहीत नसताना बॅगेत राहिलं असेल तर जाणीवपूर्वक ताबा नव्हता असं कोर्टात मांडता येतं, सुप्रीम कोर्टाने 1972 च्या गुणवंतलाल केसमध्ये तो मुद्दा धरलाय, पण तोवर सुट्टी संपलेली असते, व्हिसा स्टॅम्पिंगची तारीख गेलेली असते. आता रेंजची बॅग वेगळी, तिच्यावर लाल टेप, प्रवासाला ती कधीच नाही. प्रत्येक वेळी परत आल्यावर काडतुसं मोजतो आणि पेटीच्या झाकणाला चिकटवलेल्या कागदावर आकडा लिहितो. आज तेवीस आहेत.