घरतपासणीचा करार: कागदावर सही की ई-सही?

चिपळूणच्या एका घरतपासनीसाला पडलेला हा प्रश्न. त्याची निम्मी गिऱ्हाइकं मुंबईकर चाकरमानी. गावाकडचं जांभ्याचं घर घेण्याआधी भिंतींची ओल, वाशांची वाळवी तपासून हवी असते.

कायद्यापुढे दोन्ही चालतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ई-सहीला मान्यता देतो. मात्र सहीचा फोटो पीडीएफवर चिकटवला की झाली ई-सही, हा गैरसमज. आधारवरची ई-सही ओटीपीने होते आणि नंतर मजकुरात फेरफार झाला तर फाईल तपासताना तो उघड होतो. ती फाईलच जपायची. तिच्या प्रिंटला तो गुण नाही. मुद्रांक शुल्क लागत असेल तर ते दोन्हीकडे भरायचं, ई-सहीने ते टळत नाही.

खर्चात कागद स्वस्त वाटतो, पण दादरला कुरियर पाठवून परत येईपर्यंत सौदा हातचा जातो. ई-सही तासाभरात. टिकण्याचं म्हणाल, तर आमच्याकडे आषाढात कपाटातल्या कागदांनाही बुरी चढते.

अडतं कुठे? आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला असतो, किंवा आजोबांचा ओटीपी पुण्यातल्या मुलाच्या फोनवर जातो. असा ओटीपी मागवून सही उरकू नका, ती आजोबांची ठरवताना वाद होईल.

गिऱ्हाईक लांब असेल तर ई-सही. मालक समोर ओटीवर बसलेले असतील आणि रेंज गेलेली असेल, तर दोन प्रती, निळं पेन.